मलिक अंबर : माणूस पारखणारा सेनानी

वाचकहो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा आपण पाहिले असेलच. राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून शाळांच्या सहली तेथे जातात. राजवाड्याचा दरवाजा पाहून झाला की मुले राजे लखुजी जाधवरावांच्या समाधीकडे वळतात. त्या भव्य वास्तूसमोर उभे राहिल्यावर लखुजीराव म्हणजे जिजाऊंचे वडील, एवढीच ओळख बहुतेकांना आठवते. पण लखुजीरावांच्या आयुष्याचा धागा आणखी एका थोर पुरुषाच्या आयुष्यात गुंतलेला आहे. त्या पुरुषाची कबर येथून फार दूर नाही. वेरूळजवळच्या खुलताबादला ती आहे. त्यांचे नाव मलिक अंबर.

हबशी देशात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला एक मुलगा पुढे दख्खनचा सर्वांत मोठा सेनानी झाला आणि लखुजी जाधवरावांसारखे मातब्बर सरदार त्याच्या हुकमाखाली लढले. काही काळाने जाधवराव त्यांना सोडून गेले. हे सारे कसे घडले ते आपण पाहणार आहोत. मात्र लढायांची जंत्री देणे हा या लेखाचा हेतू नाही. आपल्या रोजच्या जीवनाला उपयोगी पडेल असे काही त्या थोर माणसाच्या चरित्रातून शोधावयाचे आहे.

आपल्या घरात तीन मुले असतील तर तिघांचे स्वभाव तीन असतात. एकाकडे नुसते रोखून पाहिले तरी पुरते. दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय त्याला अभ्यास सुचत नाही. तिसऱ्याला एकट्याला सोडले तरच तो काही करून दाखवतो. व्यक्ती तितक्या प्रकृती, असे आपण तोंडाने म्हणतो. पण प्रत्यक्षात मात्र सब घोडे बारा टक्के, हाच आपला हिशेब असतो. तिघांना एकाच काठीने हाकतो, आणि त्यांतला एक मागे पडला की नशिबाला बोल लावतो. मलिक अंबर यांचे मोठेपण असे की त्यांनी हा बारा टक्क्यांचा हिशेब मोडला. आणि जेथे त्यांना तो पुरता मोडता आला नाही, तेथे त्यांना त्याची जबर किंमत द्यावी लागली.

गुलाम ते सरदार

हबशी म्हटले की आपल्याला प्रथम हजरत बिलाल (र.) आठवतात. त्याच हबशी देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, इ. स. १५४८ च्या सुमारास चापू नावाचा एक मुलगा जन्मला. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. अरबस्तानच्या किनाऱ्यावर तो विकला गेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि शेवटी बगदादला मीर कासिम नावाच्या गृहस्थाकडे पोहोचला. त्या काळी गुलाम विकत घेणारा माणूस बहुधा त्याचे दंड चाचपून पाहात असे. मीर कासिम यांनी या मुलाची बुद्धी पाहिली. त्यांनी त्याला लिहावयास-वाचावयास शिकविले, दीनची तालीम दिली, हिशेब आणि कारभार यांची ओळख करून दिली आणि त्याचे नाव अंबर ठेवले.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. त्या घरात इतरही नोकर-गुलाम असतील. मालकाने सर्वांना सारखेच ओझी वाहावयास लावले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण त्याने या एका मुलात काय आहे ते ओळखले आणि त्याला जे हवे होते ते दिले. पुढे मलिक अंबर यांनी हजारो माणसांना जे दिले, ते प्रथम त्यांना स्वतःला एका माणसाकडून मिळाले होते.

१५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगेझखान यांनी त्याला विकत घेतले. हे चंगेझखान स्वतः हबशी होते आणि एके काळी गुलामच होते. त्यांच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते असे सांगतात. त्यांच्याच पेशवाईत १५७४ मध्ये वऱ्हाडची इमादशाही निजामशाहीत सामील झाली, म्हणजे आपला हा मुलूख अहमदनगरच्या ताब्यात आला. राज्य कसे चालते, फौज कशी पोसली जाते, दरबारात कोण कोणाचा असतो, हे सारे तरुण अंबरने या धन्याच्या पदरी राहून जवळून पाहिले. थोड्याच काळात चंगेझखान वारले आणि त्यांच्या पत्नीने अंबरला गुलामीतून मुक्त केले.

आता अंबर यांचे आयुष्य त्यांचे स्वतःचे झाले, पण हाती काहीच नव्हते. त्यांनी गोवळकोंड्यास आणि विजापुरास चाकरी केली. मलिक हा किताब त्यांना विजापुरात मिळाला. तेथे पुरेसा आश्रय मिळेना तेव्हा १५९५ च्या सुमारास ते निजामशाहीत परत आले. बरोबर फक्त दीडशे घोडेस्वार होते. हा आकडा लहान वाटेल. पण ज्याच्यापाशी जहागीर नाही, खजिना नाही आणि उद्याची शाश्वती नाही, अशा माणसाच्या मागे दीडशे स्वार आपली घोडी घेऊन का निघाले असतील, याचा विचार करा. पगाराच्या आशेने आलेला माणूस पगार थांबला की जातो. हे दीडशे गेले नाहीत.

त्या वेळी निजामशाहीवर मोठे संकट होते. अकबर बादशहाच्या फौजांनी अहमदनगरला वेढा दिला होता आणि चांदबीबी किल्ला लढवत होत्या. १५९६ च्या तहात वऱ्हाड मुघलांकडे गेले. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्लाही पडला. राज्य संपले असे सर्वांना वाटले. त्याच वर्षी मलिक अंबर यांनी राजघराण्यातील एका तरुणाला परांडा येथे गादीवर बसविले, आपली मुलगी त्याला दिली आणि निजामशाही पुन्हा उभी केली. त्यानंतर १६२६ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, अकबर व जहांगीर या दोन बादशहांच्या फौजांना त्यांनी दख्खनमध्ये सुखाने पाय रोवू दिला नाही.

ज्याला जे हवे ते

वाचकहो, सव्वीस वर्षे हे राज्य कशाच्या बळावर टिकले? पैसा मुघलांकडे अधिक होता. तोफा आणि माणसेही त्यांच्याकडेच अधिक होती. मलिक अंबर यांच्याकडे होती ती नाना जातींची, नाना भाषांची, नाना स्वभावांची माणसे. हबशी होते, दख्खनी मुसलमान होते, मराठा सरदार होते, ब्राह्मण कारकून होते आणि गावोगावचे पाटील-कुलकर्णी होते. १६१० च्या सुमारास हिंदुस्थानात आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने त्यांच्या फौजेत दहा हजार हबशी व चाळीस हजार दख्खनी असल्याची नोंद केली आहे. दीडशे स्वारांपासून ही मजल पंधरा वर्षांत गाठलेली होती.

आता या माणसांना त्यांनी कसे वागविले ते पाहा.

प्रथम हबशी. हे लोक आपल्या देशापासून, आईबापांपासून तोडलेले होते. त्यांना या मुलखात वतन नव्हते आणि नातेगोतेही नव्हते. अशा माणसाला सर्वांत आधी घर लागते, कोणी तरी आपला लागतो. अंबर यांना हे शिकवावे लागले नाही. ते स्वतः त्याच वाटेने आले होते. त्यांनी हबशी तरुणांना आपल्याजवळ ठेवले, त्यांच्याकडून मेहनत करून घेतली आणि त्यांना योग्यतेप्रमाणे वर आणले. त्याचे फळ त्यांना लवकरच दिसले. नांदेडकडील एका लढाईत खानखानान अब्दुर्रहीम यांच्या मुलाने त्यांचा पराभव केला. मलिक अंबर जखमी होऊन पडले आणि शत्रूच्या हाती लागण्याचीच वेळ आली. तेव्हा त्यांच्या माणसांनी शत्रूच्या गर्दीत घुसून त्यांना उचलून बाहेर नेले.

मराठा सरदारांची गोष्ट अगदी वेगळी होती. त्यांना घर देण्याची गरज नव्हती. त्यांचे घर, वतन, कुलदैवत सारे याच मातीत होते. त्यांचा शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन येई, घोड्याच्या पाठीवरच भाकरी खाई, रात्रीत दूरवरची मजल मारी आणि प्रत्येक खिंड व ओढा त्याला पाठ असे. अशा माणसाला भारी चिलखत घालून मैदानात रांगेत उभा केला तर तो निम्मा होतो. मलिक अंबर यांनी त्याला रांगेत उभा केला नाही. त्यांनी त्याला मोकळे सोडले. शत्रूची रसद तोडावी, दाणागोटा लुटावा, छावणीवर रात्री छापा घालावा आणि मोठी फौज अंगावर आली की पांगून जावे, ही त्याची स्वतःची रीत त्यांनी राज्याची रीत केली. १६२० मध्ये आपल्याच जिल्ह्यातील मेहकरच्या परिसरात मुघल फौज अशीच कोंडली गेली. धान्य मिळेना, चारा मिळेना. शेवटी तिला घाट उतरून बाळापूरकडे आणि तेथून बुऱ्हाणपूरकडे मागे सरकावे लागले. या युद्धपद्धतीला आपण गनिमी कावा म्हणतो. पुढे तिची कीर्ती झाली ती शिवछत्रपतींच्या काळात. त्यांचे आजोबा मालोजीराजे आणि वडील शहाजीराजे हे दोघेही निजामशाहीतच लढले होते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

तिसरा वर्ग शेतकऱ्यांचा. तो तर शिपाई नव्हे. त्याला शाबासकी नको आणि जहागीरही नको. त्याला एवढेच हवे असते की पीक घरात येण्याआधी कोणी त्याच्या खळ्यावर बसू नये. त्या काळी सारावसुलीचा इजारा दिला जाई. जो जास्त बोली बोलेल त्याला गावे मिळत आणि मग तो रयतेला पिळून काढी. मलिक अंबर यांनी ही इजारदारी बंद केली. जमिनीची पाहणी करून तिचा कस ठरविला. गावच्या जुन्या वतनदारांना त्यांचे काम परत दिले. वसुलीचे काम मराठी मुलखातील जाणत्या ब्राह्मण कारकुनांवर सोपविले आणि त्यांच्यावर मुसलमान अधिकाऱ्यांची देखरेख ठेवली. सुरुवातीला सारा धान्यात घेतला. काही हंगाम पाहून, जमिनीचा अंदाज आल्यावर, मग तो रोखीत ठरविला. आणि तोही दर वर्षी झालेल्या लागवडीप्रमाणे. चांगल्या जमिनीला आणि मुरमाड जमिनीला एकच दर लावणे सोपे होते. कागद कमी लागले असते. पण त्यांनी सोपे ते केले नाही, योग्य ते केले. म्हणूनच मलिक अंबरची धारापद्धत हे शब्द ते गेल्यानंतरही कितीतरी पिढ्या दख्खनच्या खेड्यांत टिकून राहिले.

शहरातल्या माणसांचाही त्यांनी वेगळा विचार केला. १६१० मध्ये त्यांनी खडकी येथे राजधानीचे शहर वसविले. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या खडकाळ जागी पाणी नव्हते. त्यांनी जमिनीखालून नहर खोदून डोंगराचे पाणी शहरात आणले. नहर-ए-अंबरी या नावाने ती ओळखली जाते आणि तिचे अवशेष आजही दाखविले जातात. ज्याला लढाई समजते त्याला पाणीही समजावे हे विशेष आहे. पण या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच सवय होती. समोरच्याला नेमकी कशाची गरज आहे, हे ते आधी पाहात.

येथे कोणी म्हणेल की प्रत्येकाला वेगळे वागविले तर पक्षपात होतो. शंका योग्य आहे. तिचे उत्तरही याच चरित्रात आहे. १६१७ मध्ये पीटर व्हान डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी त्यांना भेटला. त्याने त्यांच्या करारीपणाची आणि राज्यातील कडक शिस्तीची नोंद करून ठेवली आहे. म्हणजे कायदा सर्वांना एकच होता. वेगळी होती ती वागणूक, काम देण्याची आणि काम करवून घेण्याची रीत. न्याय एकच असावा आणि हाताळणी ज्याची त्याची असावी, या दोन गोष्टींत विरोध नाही. घरातही चोरी ही चोरीच. पण चुकलेल्या मुलाशी बोलावे कसे, हे त्या त्या मुलावर अवलंबून असते.

जेथे हात तोकडा पडला

आतापर्यंत जे सांगितले तेवढेच सांगून थांबलो असतो तर ते चरित्र न होता नुसती तारीफ झाली असती. थोर माणसाच्या चुकांपासूनही शिकावयाचे असते. म्हणून आता आपण पुन्हा सिंदखेडकडे वळू.

लखुजी जाधवराव हे सामान्य शिलेदार नव्हते. मोठ्या घराण्याचा अभिमान, मोठी फौज, मोठे कुटुंब आणि आपल्या मुलखात शब्दाला वजन असे ते सरदार होते. अशा माणसाला लढण्याची मोकळीक पुरत नाही. त्याला मान लागतो. दरबारात आपली जागा कोठे, आपला सल्ला घेतला जातो की नुसता हुकूम सुटतो, कोणाला आपल्यापुढे नेले जाते, याकडे त्याचे बारीक लक्ष असते. मलिक अंबर यांनी सारी सत्ता आपल्या हाती एकवटली होती. राज्य टिकविण्यासाठी त्यांना ते आवश्यक वाटले असेल. पण बरोबरीच्या तोऱ्याने वावरणाऱ्या सरदारांना ते सलत होते.

१६१६ च्या सुरुवातीला व्हावयाचे तेच झाले. शहानवाजखान हा मुघल सेनापती तेव्हा बाळापूरला तळ देऊन होता. अंबर यांचे काही हबशी, दख्खनी व मराठा सरदार त्याला जाऊन मिळाले. त्यांत जाधवरावही होते. ज्यांना प्रत्येक वाट ठाऊक तेच शत्रूचे वाटाडे झाल्यावर काय होणार? जालन्याजवळील रोषणगावच्या लढाईत मलिक अंबर यांचा मोठा पराभव झाला. मुघल फौज खडकीपर्यंत गेली आणि त्यांनी हौसेने वसविलेले शहर तिने जाळून उद्ध्वस्त केले. जो माणूस खानखानानला दाद देत नव्हता, त्याला त्याच्याच माणसांच्या नाराजीने पाडले.

मलिक अंबर खचले नाहीत. त्यांनी शहर पुन्हा बांधले, फौज पुन्हा उभी केली. मेहकरकडील ज्या मोहिमेचा उल्लेख वर आला, ती या पराभवानंतर चारच वर्षांनी झाली. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे त्यांनी मुघल व विजापूरकर यांच्या एकत्र फौजेला जे चारी मुंड्या चीत केले, ते तर त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे यश मानले जाते. त्या वेळी त्यांचे वय पंच्याहत्तरच्या घरात होते. तलावाचा बांध फोडून त्यांनी शत्रूच्या तळाभोवती पाणी व चिखल केला, रसद तोडली आणि मग घाला घातला. शहाजीराजे भोसले आणि त्यांचे बंधू शरीफजी या लढाईत अंबर यांच्या बाजूने लढले. शरीफजी धारातीर्थी पडले. समोर मुघलांच्या बाजूला होते शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव. सासरा एका फौजेत आणि जावई दुसऱ्या फौजेत, अशी ही लढाई झाली. एवढा मोठा विजय मिळाला, पण गेलेले जाधवराव परत आले नाहीत. आणि थोड्याच काळात मानमरातबावरून नाराज होऊन शहाजीराजेही विजापूरला निघून गेले.

वाचकहो, येथे या चरित्राचे मर्म आहे. माणसाचा गुण ओळखणे ही एक गोष्ट आणि त्याचा मान ओळखणे ही दुसरी. मलिक अंबर यांनी शिलेदाराचा गुण इतका अचूक ओळखला की त्यावर एक युद्धशास्त्र उभे राहिले. पण त्याच शिलेदारांच्या मोठ्या सरदाराला काय बोचते, हे ओळखताना त्यांचा हात तोकडा पडला. ज्या सुलतानाला त्यांनी स्वतः गादीवर बसविले, त्याच्याशीही त्यांचे पुढे बिनसले आणि १६१० मध्ये त्या सुलतानाचा विषप्रयोगाने अंत झाला. त्याचा ठपका इतिहासकार अंबर यांच्यावरच ठेवतात. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खाली असलेल्याला हात देऊन वर आणणे त्यांना साधले. बरोबरीला आलेल्याला बरोबरीने वागविणे तितकेसे साधले नाही. आपल्यापैकी कितीतरी वडिलांचे हेच होते. मुलगा लहान असतो तोवर आपण उत्तम बाप असतो. तो खांद्याला खांदा लावून उभा राहू लागला की आपल्याला त्याच्याशी बोलता येत नाही.

मे १६२६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, मलिक अंबर अल्लाहच्या रहमतीत गेले. त्यांची जागा त्यांचा मुलगा फतेहखान याला मिळाली. किताब मिळाला, फौज मिळाली, किल्ले मिळाले. पण माणसे हाताळण्याची बापाची कला काही वारशात मिळत नाही. निजामशहा आणि फतेहखान यांचे पटले नाही. दरबारात संशय माजला. लखुजी जाधवराव या सुमारास पुन्हा निजामशाहीकडे वळले होते. १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात मुजऱ्यासाठी गेले असता त्यांची आणि त्यांच्या मुला-नातवाची दगा देऊन हत्या झाली. जिजाऊ तेव्हा शिवनेरीकडे होत्या. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १६३० मध्ये, शिवरायांचा जन्म झाला. सिंदखेडची समाधी ही त्या हत्येची खूण आहे.

या एका कृत्याने निजामशाहीने आपलेच हात तोडून घेतले. जाधवरावांचे घराणे मुघलांकडे गेले. इतरांचाही विश्वास उडाला. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि १६३६ मध्ये निजामशाही कायमची संपली. नाराज सरदार गेला, तर निदान परत येण्याची वाट उरते. मारलेला सरदार परत येत नाही आणि त्याला मारताना पाहणारेही मनाने निघून जातात. मलिक अंबर यांनी सव्वीस वर्षे तोलून धरलेले राज्य त्यांच्या मागे अवघी दहा वर्षे टिकले. किल्ले तेच होते, जमीन तीच होती. माणसे जोडून ठेवणारा मात्र कोणी उरला नव्हता.

आपल्या घरात, आपल्या शाळेत

पालकहो, आपण काही फौज सांभाळत नाही. पण घर सांभाळतो, दुकान सांभाळतो, मोहल्ल्यातील एखादे काम सांभाळतो. हदीसचा अभ्यास करणाऱ्यांना ठाऊक आहे की सर्वांत चांगला अमल कोणता, या एकाच प्रश्नाला आपल्या प्रेषितांनी (स.) निरनिराळ्या विचारणाऱ्यांना निरनिराळी उत्तरे दिली. कोणाला वेळेवर नमाज पढणे सांगितले, कोणाला भुकेल्याला जेवू घालणे सांगितले. विचारणाऱ्याला ज्याची गरज होती ते त्याला सांगितले. ही शिकवण आपण मशिदीत ऐकतो. घरी आल्यावर मात्र थोरल्याचे प्रगतिपुस्तक धाकट्याच्या तोंडावर नाचवितो. धाकट्याला गणित येत नसेल, पण तो घड्याळ उघडून पुन्हा जोडत असेल, तर त्याच्याकडे मीर कासिमच्या नजरेने पाहा. मुलगी अबोल असेल तर तिला काही येत नाही असे समजू नका. कदाचित तिला चारचौघांत विचारण्याऐवजी एकटीला विचारावे लागत असेल. दहावीनंतर काय, हा प्रश्न आला की शेजारच्या मुलाने काय केले ते पाहू नका, आपल्या मुलाचा कस पाहा. मलिक अंबर यांनी दर ठरविण्याआधी काही हंगाम जमीन पाहिली. आपण मुलाचे आयुष्य ठरविण्याआधी निदान एक वर्ष तरी त्याच्याकडे नीट पाहावे.

आणि मुलगा मोठा झाला की त्याचा मान ओळखा. पाहुण्यांसमोर त्याचा पाणउतारा करू नका. घरातील निर्णयात त्याला आणि त्याच्या बहिणीला विचारा. जो मुलगा घरात बोलू शकत नाही, तो बोलावयास दुसरे ठिकाण शोधतो. आणि ते बाळापूर कोठले असेल हे आपल्या हाती राहात नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी वर्गप्रमुख असेल, कोणी कबड्डीच्या संघाचा नायक असेल, कोणी संमेलनाच्या तयारीत असेल. संघात एक जण चढाईत पटाईत असतो, एक पकडीत, एक नुसता धीर देण्यात. चढाई करणाऱ्याला मोकळे सोडावे लागते, पकड करणाऱ्याला जागा नेमून द्यावी लागते आणि नवख्याच्या जवळ उभे राहावे लागते. हे ओळखणे म्हणजेच नेतृत्व. नुसता मोठा आवाज म्हणजे नेतृत्व नव्हे. आणि संघातील जो तुमच्याइतकाच किंवा तुमच्याहून चांगला खेळतो, त्याची अधिक काळजी घ्या. त्याला सल्ला विचारा. मलिक अंबर यांच्यासारख्या माणसाला जे अवघड गेले, ते तुम्हांला वेळीच शिकता आले तर तुमचा संघ फुटणार नाही.

पुढच्या सहलीत सिंदखेड राजाला जाल तेव्हा समाधीसमोर थोडा वेळ थांबा. तेथून खुलताबादलाही जाणे झाले तर मलिक अंबर यांच्या कबरीवर फातेहा पढा. एक राजघराण्याचा मराठा सरदार आणि एक गुलामीतून वर आलेला हबशी वजीर, दोघेही याच मातीत विसावले आहेत. एकमेकांबरोबर होते तेव्हा दिल्लीची बादशाही त्यांना वचकून होती. वेगळे झाले तेव्हा खडकी जळाली. आपल्या घरातील, शाळेतील आणि समाजातील प्रत्येक माणसाचा गुण आणि प्रत्येकाचा मान ओळखण्याची तौफीक अल्लाह आपणां सर्वांना देवो, हीच दुआ. आमीन.